लीव्हरला हात लावण्याआधी

लीव्हर हार्प म्हणजे तारांना स्वर चढवणाऱ्या छोट्या कळा (लीव्हर) बसवलेलं हार्प हे तंतुवाद्य. तिच्या देखभालीत नव्याने पडलेला माणूस सगळ्यात आधी लीव्हरचा स्क्रू फिरवायची अ‍ॅलन की उचलतो. थोडं थांबा. लीव्हर बेसूर बोलतोय म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी हार्पमध्ये लीव्हर ठणठणीत होता, खोट तारेत होती.

लीव्हरचं काम तसं सरळ आहे. तो लावला की तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि स्वर अर्ध्या पायरीने, म्हणजे १०० सेंटनी चढतो (सेंट हे स्वरातला बारीक फरक मोजायचं एकक). गणिताने त्यासाठी लांबी साधारण ५.६ टक्के घटायला हवी. प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी पुरते, कारण लीव्हरच्या दाबाने तार ताणलीही जाते. म्हणूनच लीव्हरची जागा फूटपट्टीने ठरत नाही.

तपासताना सगळे लीव्हर मोकळे सोडून हार्प सुरात लावून घ्यायची. पुष्कळ वादक ती ई-फ्लॅट मेजरमध्ये लावतात, कारण तिथून लीव्हरच्या जोरावर ८ मेजर स्केल हाताशी येतात. मग एकेक तार खुली वाजवा, ट्यूनरवर पक्की करा, लीव्हर लावा, पुन्हा वाजवा. दोन्ही वेळा जागा तीच आणि जोरही तोच. जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणी चढी दिसते, आणि मग नसलेला दोष दुरुस्त करण्यात दुपार जाते. तारा नव्या असतील तर त्या स्थिरावल्याशिवाय हे काम काढूच नका.

एकच तार चुकतेय आणि शेजारच्या नीट आहेत? तर ती तार जुनी झालीय का, कुणी भलत्या जाडीची बसवलीय का, ते बघा. तशा तारेसाठी लीव्हर सरकवला, तर योग्य तार आल्यावर तो पुन्हा चुकणारच. सलग बऱ्याच तारा थोड्या थोड्या सरकल्या असतील, तर मात्र तारांच्या ओढीने हार्पची मान, म्हणजे तारा वर जिथे बांधलेल्या असतात तो लाकडी भाग, हलली आहे असं समजा. तिथे लीव्हर हलवणं रास्त.

पण त्याआधी ब्रिज पिन, म्हणजे लीव्हरच्या वर तार जिच्यावर टेकते ती खुंटी. सोडलेल्या लीव्हरमधून तार कुठेही न घासता जायला हवी. खरखर बहुधा इथूनच येते. काही हार्पवर ही पिन आट्यांची असते, आत-बाहेर फिरवता येते. ती लीव्हर बसवून झाल्यावर फिरवलीत, तर केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

आता लीव्हर. स्वर जास्त चढत असेल तर तो ब्रिज पिनकडे सरकवायचा, कमी चढत असेल तर पिनपासून लांब. किती, हे तारेवर ठरतं. मीटरभर लांबीच्या तारेवर १ मिलिमीटरने दोन सेंटसुद्धा फरक पडत नाही; वरच्या टोकाच्या १० सेंटिमीटरच्या तारेवर तेवढ्यानेच साधारण १८ सेंट इकडचे तिकडे होतात. तिथे स्क्रू जेमतेम सैल करून लीव्हर नखाने ढकलावा. आणि घट्ट करताना तो थोडा फिरतो, हे धरून चाला. स्क्रू लाकडात बसलेला असतो, जोर लावलात तर आटे जातात आणि मग ते सुतारकाम होऊन बसतं.

काम झालं की प्रत्येक तारेचा खुला आणि लीव्हर लावलेला स्वर सेंटमध्ये लिहून ठेवा. पुढच्या खेपेला मान हलली की तार बिघडली, हा वाद त्या वहीत पाच मिनिटांत मिटतो. वादकालाही एक सांगा: वाजवून झालं की सगळे लीव्हर सोडून ठेवायचे, म्हणजे तारा एकाच जागी दबून झिजत नाहीत.