आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारला ब्रशलेस मोटर: निवड आणि जोडणी

ब्रशच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे (ब्रश) कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या तांब्याच्या कड्यावर, सतत घासत असतात. ते झिजले की गाडीचा दम जातो. ब्रशलेसमध्ये घासणारं काहीच नाही. तारांची गुंडाळी जागेवर राहते, लोहचुंबक फिरतं आणि प्रवाह कधी कुठल्या तारेत सोडायचा ते ईएससी, म्हणजे वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, ठरवतो. म्हणून मोटरसोबत ईएससीही बदलावाच लागतो, जुना चालत नाही.

१/१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या) गाडीला ३६ मिमी व्यासाची मोटर बसते. डब्यावर ३६५० असेल तर ३६ मिमी व्यास, ५० मिमी लांबी. आता खरा प्रश्न केव्हीचा. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या टू-एस (दोन सेलच्या) लायपो बॅटरीवर २४,४०० च्या आसपास फिरते, थ्री-एसवर (तीन सेल, ११.१ व्होल्ट) ३६,६०० च्या. दुकानात मोठ्या आकड्याचा मोह होतो, तो आवरा. आपल्याकडं गाडी पळते ती गवतावर, भुसभुशीत मातीत. तिथं जास्त केव्ही म्हणजे जास्त उष्णता, आणि प्लॅस्टिकचे डिफरन्शियल गिअर आधी तुटतात. फोर व्हील ड्राइव्हला टू-एसवर ३००० ते ३५०० केव्ही आणि ६० अँपिअरचा ईएससी पुरेसा आहे.

सेन्सरची मोटर आतलं चुंबक कुठं आहे ते वेगळ्या केबलनं ईएससीला कळवते, म्हणून सावकाश, गुळगुळीत सुटते. बिनसेन्सरची सुटताना जरा अडखळते. पण पावसाळ्यात पंचगंगेकाठच्या काळ्या चिखलात गाडी घालणार असाल तर मी बिनसेन्सरचीच घ्या म्हणेन. एक नाजूक केबल कमी.

बसवताना बॅटरी काढून ठेवा. मोटरचे स्क्रू एम३ असतात, त्यांची लांबी फार महत्त्वाची. मी एकदा घरात सापडले ते १० मिमीचे लावले. एकाचं टोक आत गुंडाळीला टेकलं आणि नवी मोटर गेली. स्क्रू आधी हातानं फिरवून बघा, अडला तर जोर लावू नका. मोटर प्लेटची भोकं जुळत नसतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये ती लांबट करून मिळतील.

पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा छोटा स्क्रू, शाफ्टच्या सपाट बाजूवरच यायला हवा, त्यावर निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब. पिनियन आणि स्पर गिअरचे (तो फिरवतो त्या मोठ्या गिअरचे) दात एकाच पिचचे, म्हणजे मापाचे, असू द्या. आता वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मधे घाला, मोटर स्परकडे दाबा, स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. कागदावर दातांच्या घड्या उमटल्या पाहिजेत, पण तो फाटता कामा नये. मग स्पर पूर्ण एक फेरा फिरवून जागोजागी बोटानं हलवून बघा: अगदी किंचित खेळ हवा. खेळच नसेल तर गिअर किंचाळतात. जास्त असेल तर दात उडतात. या कामाला अर्धा तास गेला तरी चालेल.

बिनसेन्सरच्या मोटरच्या तीन तारा कशाही जोडा. चाकं उलटी फिरली तर कुठल्याही दोन अदलाबदल करा. सेन्सर असेल तर मात्र ए, बी, सी अशा खुणांच्या तिन्ही तारा जिथल्या तिथंच हव्यात, दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची. बॅटरीच्या प्लगला डाग देताना लाल-काळी दोनदा तपासा, उलटी लागली तर ईएससी जळतो.

गाडी डब्यावर ठेवून चाकं अधांतरी करा. ईएससीसोबतच्या कागदात सांगितल्याप्रमाणे रिमोटच्या ट्रिगरचं न्यूट्रल, पूर्ण थ्रॉटल, पूर्ण ब्रेक नोंदवा. बॅटरीचा प्रकार लायपो निवडा. मग सेल ३.२ व्होल्टच्या आसपास उतरला की ईएससी गाडी थांबवतो. हे विसरलात तर पॅक खराब होतो.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं पळवा आणि मोटरला हलकेच बोट लावा. टेकवून ठेवता येत नसेल तर पिनियन एक-दोन दात लहान करा. अति तापलं की लोहचुंबकाची ताकद कायमची कमी होते. घरी आल्यावर मोटरचे स्क्रू पुन्हा आवळा आणि स्परचे दात उजेडात बघा. पांढरी भुकटी दिसली, तर कागदाची पट्टी पुन्हा घ्या.