शहरी कंपोस्ट शेतात टाकण्यापूर्वी
शहरी कचऱ्यापासून बनवलेले कंपोस्ट घेताना विक्रेत्याकडून त्या खेपेचा प्रयोगशाळा अहवाल आवर्जून मागावा आणि खत नियंत्रण आदेश, १९८५ मधील मर्यादांशी तो ताडून पाहावा; त्यात प्रति किलो कॅडमियम ५, शिसे १००, तांबे ३०० आणि जस्त १००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. मर्यादेत बसणारे खतही दरवर्षी एकाच वावरात टाकू नये, कारण सेंद्रिय पदार्थ कुजून जातो, धातू मात्र मातीतच साठत राहतात आणि ते काढून टाकणे जवळजवळ अशक्य असते. कोंबडीखतातूनही, पक्ष्यांच्या खाद्यात मिसळलेले तांबे व जस्त शेतात येते. कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम पिकाला सहज उपलब्ध होते. तेथे सामू (pH, म्हणजे जमिनीच्या आम्लतेचे माप) तपासून शिफारशीनुसार चुना द्यावा. धातू साठल्याची शंका असलेल्या वावरात पालेभाज्या मुळीच घेऊ नयेत.