जुनी जिप्सी घ्यायची तर आधी गाडीखाली शिरा

मारुतीची जिप्सी विकणारा माणूस बहुतेक वेळा आधी बॉनेट उघडतो. इंजिन धुऊन लख्ख केलेलं असतं, एका सेलमध्ये सुरूही होतं. तुम्ही मात्र इंजिनकडे सगळ्यात शेवटी या. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. सडलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि अडकलेले कागद यांच्यात घातलेला पैसा परत येत नाही. माझ्या पहिल्या गाडीचं इंजिन सुरेख चालायचं, पण ते बदललेलं होतं आणि आरसीवर नंबर जुनाच राहिला होता. पासिंगपायी गाडी चार महिने दारात उभी राहिली.

कोणती घ्यावी

१९८५ साली आलेल्या जिप्सीला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ च्या 'जिप्सी किंग'ला १.३ लिटरचं मिळालं आणि २००० मध्ये त्याच मापात ८० बीएचपीचं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं इंजिन आलं. रोज चालवायची असेल तर एमपीएफआय घ्या. आडगावच्या मेस्त्रीकडूनही दुरुस्त व्हावी असं वाटत असेल तर कार्बोरेटरवाली किंग उत्तम.

कागद

आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर व्यवहार तिथेच सोडा. खासगी गाडीचं पहिलं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे दर ५ वर्षांनी पासिंग. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी मागा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका; इथला रोड टॅक्सही हिशेबात धरा. छत कापलेली किंवा जादा सीट टाकलेली गाडी असेल तर तो बदल आरसीवर चढवलाय का, हे विचाराच.

चासी

टॉर्च, लहान हातोडी आणि जुनं पोतं घेऊन जा. पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरका आणि पुढून मागे चासी ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. कुजलेल्या जागी 'भद्द' वाजतं आणि तोंडावर गंजाचे पापुद्रे पडतात. मागच्या चाकांजवळ, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीपाशी, आणि बॉडी जिथे चासीवर बसते त्या रबरांभोवती जास्त वेळ द्या, कारण तिथे चिखल साचतो. कोकण किनाऱ्यावर राहिलेली गाडी असेल तर खारी हवा आतून पत्रा खाते. वरून नवा काळा रंग दिसला की मला जास्तच शंका येते. बॉडीवर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. चिकटलं नाही, तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पुढचा ॲक्सल

पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ॲक्सलच्या टोकाला लोखंडी गोळा दिसतो. आतलं ऑइल सील गेलं की डिफरन्शिअलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) तेल तिथल्या ग्रीसमध्ये मिसळतं आणि काळा पातळ रस खाली ओघळतो. विकणारा तो पुसून ठेवतो. म्हणून दहा किलोमीटर चालवून पुन्हा वाकून बघा.

वेगात स्टिअरिंग थडथडत असेल तर "टायर बॅलन्सिंग करा, जाईल" असं सांगतात. त्यावर विसंबू नका. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर मित्राला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेरिंग, तरीही राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं.

फोर बाय फोर

चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर चालते का, याची परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊ नका. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि चाक घसरलं नाही तर सगळा पीळ गिअरांवर येतो. मातीवर इंजिन बंद करून मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर घ्या, गाडी गिअरमध्ये आणि फोर बाय फोरचा दांडा ४एचवर (चारही चाकं, नेहमीचा वेग). दोन्ही हब (पुढच्या चाकांच्या मधोमध असलेली, चाक ॲक्सलला जोडणारी-सोडणारी कळ) 'फ्री'वर असताना चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, 'लॉक'वर फिरता कामा नये. मग चाक खाली उतरवा, दगड काढा, उभ्या गाडीतच ४एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाका आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडा. दांडा उडून बाहेर आला तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) उघडावी लागणार; तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

घेतल्यावर

पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअल यांचं तेल बदला. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याचं बिल नसेल तर बदलूनच टाका. त्यानंतर ब्रेक, मग स्टिअरिंग. रुंद टायर, विंच, दिवे हे सगळं नंतर. महिन्यातून एकदा मातीवर थोडं अंतर फोर बाय फोरमध्ये चालवा, म्हणजे हब जाम होत नाहीत.

पावसाळ्यात सह्याद्रीत ओढे ओलांडणार असाल तर एक काम आधीच करून घ्या. तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ॲक्सलच्या ब्रीदरला (हवा ये-जा करणाऱ्या भोकाला) रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधा, म्हणजे ॲक्सल पाण्याऐवजी हवा ओढेल. घरी आल्यावर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये (वळणाऱ्या सांध्यात) जुनं मळकट ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. मागचे ड्रमही उघडून धुवा, आत वाळलेली रेती लायनर खाते.