किशोरांसाठी चेटकिणीची विनोदी कादंबरी लिहायची तर

झाडू, टोकदार टोपी आणि काळं मांजर तूर्त बाजूला ठेवा. आधी हे ठरवा, की तुमच्या छोट्या चेटकिणीकडे लोक कशासाठी येतात? कुणाची गाय आटलीय, कुणाचं बाळ रात्रभर रडतंय, कुणाला मेलेल्या आजोबांशी जमिनीच्या वादाबद्दल बोलायचंय. काम ठरलं की मुलगी उभी राहते.

हे मला एका खऱ्या बाईमुळे उमगलं. इंग्लंडमधल्या श्रॉपशर भागात एक म्हातारी अंगावर सूज चढलेल्या रोग्यांना काढा द्यायची. डॉक्टरांनी हात टेकलेले रोगीही त्याने कधीकधी बरे व्हायचे. १७७५ मध्ये हा काढा विल्यम विदरिंग या डॉक्टरापर्यंत पोचला. त्यात वीस किंवा त्याहून जास्त वनस्पती होत्या. गुण येतो तो त्यातल्या फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीमुळे, हे त्याने हेरलं आणि १७८५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. म्हातारीचं नाव काही त्यात नाही. मला ती फार जवळची वाटते. माझी चेटकीण तिच्याच वळणाची आहे.

फॉक्सग्लोव्हची मात्रा जास्त झाली तर माणूस दगावतो. जादूचंही असंच ठेवा. प्रत्येक मंत्राची काहीतरी किंमत हवी, आणि विनोद शोधायचा तो त्या किमतीत. माझी मिरी तेरा वर्षांची. शेजारच्या बाळाचं रडणं ती मंत्राने थांबवते. बाळ शांत झोपतं, पण रडणं कुठेतरी जायलाच हवं ना? ते किटलीत शिरतं. रोज रात्री दोन वाजता किटली टाहो फोडते.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘किटली इतकी मजेशीर रडत होती की मिरीला हसूच आवरेना.’ भाचीला वाचून दाखवलं. ती बारा वर्षांची आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं, बस. मग मी ते असं केलं: ‘मिरीने किटली खांद्यावर घेतली. पाठ थोपटायची, पण किटलीची पाठ नक्की कुठे असते? तिने जरा विचार केला, तोटी मागे वळवली आणि कडीच्या खाली हळूहळू थोपटायला लागली. तोटीतून कोमट पाणी तिच्या फ्रॉकवर ठिबकत राहिलं.’ भाची खुदकन हसली आणि म्हणाली, ‘मावशी, पुन्हा वाच.’ मिरीला यात गंमत वाटत नाही, तिला किटलीला झोपवायचंय. म्हणून हसू येतं. ‘मजेशीर’, ‘गमतीदार’ हे शब्द दिसतील तिथे खोडा.

गुरू म्हणून म्हातारी चेटकीण आणलीत तर ऐन वेळी तिला लांब कुठेतरी बाळंतपणाला पाठवून द्या, नाहीतर सगळे पेच तीच सोडवेल. मंत्र मोठ्याने म्हणून बघा; जीभ अडखळली तर बदला. या वयाच्या वाचकांना उपदेशाचा वास लांबूनच येतो, तेव्हा तो नकोच.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. कुणावर हसायचं, हे पक्कं ठरवा. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं. डोरोथी गुड नावाच्या साधारण चार वर्षांच्या मुलीलाही पकडलं आणि बेड्या घालून कित्येक महिने तुरुंगात ठेवलं. हे माहीत असेल, तर ‘चेटकीण’ म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं जातं तिची टिंगल करवत नाही. हसायचं असेल तर बोट दाखवणाऱ्यांच्या तर्कावर हसा. माझ्या नवव्या प्रकरणात गावकरी सभा भरवतात आणि ठरवतात, की ज्या अर्थी किटली रडते, त्या अर्थी तिला कुणीतरी रागावलं असणार, आणि भांड्याला रागावते ती चेटकीणच.

मग ते मशाली घेऊन मिरीच्या दारात येतात. तो प्रसंग मी सहा वेळा लिहिला. तिने भाषण केलं, मंत्र टाकला, रडली, पळाली. सातव्या वेळी ती नुसतं दार उघडते. खांद्यावर किटली असते.

‘हळू बोला,’ ती म्हणते. ‘आत्ताच डोळा लागलाय.’

आणि पुढचा माणूस मागच्याला हळूच सांगतो, ‘श्श, झोपलीय.’

भाची हसली, मग गप्प झाली. ‘मावशी, मशाली विझवल्या का त्यांनी?’

दहावं प्रकरण मी तिथून सुरू केलं.