मोटर काढताना, शेड बांधताना डोक्यावरची तार

फेब्रुवारी-मार्च लागला की सोलापूर जिल्ह्यात उंचीवरची कामं एकदम निघतात. कासेगावच्या पट्ट्यात बेदाण्याची शेड उभी राहतात, बार्शीकडं चिंचा झोडतात, आणि पाणी खाली गेलं म्हणून सांगोला-मंगळवेढ्याला बोअरमधल्या मोटरी वर काढून पाइप वाढवतात. यातलं बोअरचं काम मला सगळ्यात घातकी वाटतं.

जीआय पाइप 20 फुटांचा, म्हणजे 6 मीटर. शेतातून जाणारी 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची, उघडी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटरवर असली की नियमात बसते. म्हणजे तार नियमात असूनही उभा केलेला पाइप तिला लागू शकतो. त्यात दुपारी ऊन आणि लोड वाढला की तार तापून लांबते, झोळ खाली येतो. सकाळचं अंतर दुपारी धरू नका. बोअर तारेखाली असेल तर वीज बंद करूनच मोटर काढायची, दुसरा मार्ग नाही.

शेडचे पत्रे चढवायला जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करतात, ते कृपा करून थांबवा. बकेट माती उचलायला असतं. तारेला लागलं तर अख्खं यंत्र लोखंडाचं, आणि रबरी टायर 11 हजार व्होल्टपुढं वाचवत नाहीत. कठडा आणि सेफ्टी बेल्ट असलेली लिफ्ट भाड्यानं आणा. तरीही हातातला पत्रा-पाइप हिशेबात धरून तारेपासून सगळ्या बाजूंनी किमान 10 फूट अंतर हवं. नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी घेते. खाली एक माणूस फक्त तारेकडं बघायला ठेवा, त्याला दुसरं काम सांगू नका. टॉवर लाइनखाली तर हे काम करूच नका.

"लाईट नाही, चढ वर" असं म्हणून कुणाला चढवू नका. थ्री फेज पाळीनं येते, फॉल्टमध्ये गेलेली लाईट उपकेंद्रातून पुन्हा चढवून बघतात, कुणाच्या जनरेटरचा उलटा करंटही येतो. आदल्या दिवशीच जनमित्राला, म्हणजे महावितरणच्या लाइनमनला, गाठा. लाइन बंद ठेवायचं परमिट घेतलं, लाइन बंद केली, तारेला अर्थिंग लावलं, हे त्याच्या तोंडून ऐकल्यावरच कामाला हात लावा. डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, स्वतः काठीनं पाडू नका.

यंत्र तारेला लागलंच, तर ऑपरेटरनं केबिनमध्येच बसून राहावं. बाकीच्यांनी 30 फूट तरी लांब व्हावं, कारण करंट जमिनीतूनही पसरतो. लगेच 1912 ला आणि उपकेंद्राला फोन करा. सुक्या काठीनंही सोडवायला जाऊ नका, हायटेन्शनला ती चालत नाही. यंत्र पेटलं तरच उतरायचं: यंत्राला हात न लावता, दोन्ही पाय जुळवून उडी, मग पाय जुळलेलेच ठेवून छोट्या उड्या मारत लांब.

तार फारच खाली आली असेल तर खांबाचा नंबर लिहून शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.