आधी फेलोशिप, मग नोंदणी

एम.एस्सी. झाल्यावर आमच्या परभणी-हिंगोलीकडे पीएच.डी.ची वाट ठरलेली असते: पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) द्यायची, ओळखीचा गाईड गाठायचा, नोंदणी उरकायची आणि फेलोशिपचे पुढे पाहू म्हणत एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत राहायचे. रसायनशास्त्रात मीही तेच केले. रसायने स्वतःच्या खिशातून आणि एनएमआरचा (रेणूंची रचना ओळखण्याच्या चाचणीचा) खर्च वडिलांच्या सोयाबीनच्या पट्टीतून, अशी दोन वर्षे काढल्यावर ती नोंदणी सोडली व सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यास पहिल्यापासून सुरू केला.

नुसती 'नेट झाली' म्हणून भागत नाही, कारण सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेतून दरमहा रुपयाही मिळत नाही. फेलोशिप मिळते ती त्याच परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्र) म्हणून निवड झालेल्यांना. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन छात्र) झाल्यावर ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. पहिल्या प्रयत्नात मी भाग 'अ' हसण्यावारी नेला होता. २०० पैकी ३० गुण या सामान्य क्षमतेच्या भागाला असतात आणि २० पैकी १५ प्रश्नच सोडवायचे असतात. सेंद्रिय रसायनाच्या अवघड अभिक्रियांवर महिने घालवणाऱ्याने शेकडेवारीत आणि आलेखवाचनात गुण घालवावेत, यासारखे दुःख नाही.

भौतिकशास्त्रवाल्यांना जेस्ट ही अनेक संशोधन संस्थांची संयुक्त परीक्षा आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षा हेही मार्ग आहेत. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार म्हणून आपल्याकडे कौतुक खूप, पण त्या प्रकल्पात सहभागी असलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत पाठ्यवेतनासह पीएच.डी. करता येते, हे मला भेटलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते.

बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि महाज्योती (इतर मागास व भटक्या-विमुक्त गटांसाठी) या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींचे गणित मात्र उलटे आहे, तेथे पीएच.डी.ची नोंदणी आधी लागते. म्हणून त्या गटांत बसणाऱ्यांनी माझा शीर्षकातला सल्ला जसाच्या तसा घेऊ नये, जाहिरातीतील अटी आधी वाचाव्यात.

जर्मनीत पीएच.डी.ची जागा बहुधा करारावरची नोकरीच असते, आणि तिची जाहिरात नोकरीसारखीच निघते. युरोपातील जागा यूरॅक्सेस या संकेतस्थळावर सापडतात. युरोपीय संघाच्या निधीतून चालणाऱ्या मेरी क्युरी जाळ्यातील जागांना मागील ३६ महिन्यांत जागा असलेल्या देशात १२ महिन्यांपेक्षा अधिक वास्तव्य नसावे, अशी अट असते; येथून थेट जाणाऱ्याला ती आडवी येत नाही.

मी परदेशी प्राध्यापकांना पहिली चाळीस पत्रे 'आदरणीय महोदय' या एकाच मजकुराची पाठवली आणि एकही उत्तर आले नाही. त्यानंतर एकेका गटाचा ताजा शोधनिबंध वाचून, त्यातील कोणती पायरी मी स्वतः प्रयोगशाळेत केली आहे एवढेच सहा वाक्यांत लिहिले, तेव्हा नऊ पत्रांना तीन उत्तरे आली. शेवटी जेआरएफ घेऊन पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत रुजू झालो, तो भाग वेगळा.

रुजू होण्याआधी त्या प्रयोगशाळेतील जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून पदवीला किती वर्षे लागली, हे मी विचारले होते. मुलाखतीच्या अखेरीस 'तुम्हाला काही विचारायचे आहे का' असे आले, तेव्हा पाच वर्षांची फेलोशिप संपल्यावर पैसे कुठून येतील, हेही भीतभीत विचारले. प्राध्यापक रागावतील असे वाटले होते. त्यांनी कपाटातली फाइल काढून चालू प्रकल्पाची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते दाखवले.