पहिल्या पावसाआधी: जंगलातल्या मातीचं जिवाणू-द्रावण

वाफे तयार झाले, कुजलेलं खत मिसळून झालं आणि आभाळ भरून यायला लागलं, की जंगलातली मूठभर माती आणून तिचं द्रावण बनवायची वेळ झाली असं समजा. भर उन्हात तापलेल्या कोरड्या जमिनीत हे द्रावण ओतलं तर मेहनत वाया जाते. कडाक्याच्या थंडीतही जिवाणू हातपाय हलवत नाहीत. जमिनीत वाफसा हवा, म्हणजे ओल असावी पण चिखल नसावा, आणि वरचा थर साधारण 20 ते 30 अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवा. पावसाच्या तोंडावरचे किंवा पहिल्या सरींनंतरचे थोडे दिवस म्हणून सोयीचे. पाऊस धो-धो लागला की थांबा. साचलेल्या पाण्यात मुळांनाच हवा मिळत नाही, तिथे द्रावणाचं काय होणार?

आधी अपेक्षा नीट लावून घेऊ, कारण या विषयावर बढाया फार. हे खत नाही. 20 लिटर पाण्यात आपण जिवाणूंचं अन्न म्हणून दीडशे ग्रॅम उकडलेला बटाटा घालतो. त्यातला नत्र जेमतेम अर्धा ग्रॅम. एवढ्यावर टोमॅटोचं एक झाडसुद्धा वाढणार नाही. हे विरजण आहे, आणि दूधच नसेल तर विरजण कितीही चांगलं असून दही लागत नाही. इथे दूध म्हणजे जमिनीतला सेंद्रिय कर्ब, ओल आणि आच्छादन. उघड्या, भाजलेल्या, कर्ब संपलेल्या जमिनीत बाहेरचे जिवाणू लवकरच उपाशी मरतात किंवा तिथल्या मूळ जिवाणूंपुढे टिकत नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे एकच दिवस मोकळा आहे त्यांनी तो द्रावणाऐवजी वाफ्यांवर पालापाचोळा अंथरण्यात घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही जमत असेल तर उत्तम.

मग जंगलातलीच माती कशाला? चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात आणि प्रयोगशाळेतल्या बशीत त्यातले फार थोडे, ढोबळमानाने शंभरात एखादा, वाढवता येतात. नांगर, रसायन आणि उघडं ऊन यांपासून वाचलेल्या झाडाखालच्या थरात ही विविधता टिकून असते. कोरियात चो हान-क्यू यांनी नैसर्गिक शेतीत स्थानिक सूक्ष्मजीव गोळा करण्याची पद्धत रूढ केली. त्यांचे पुत्र यंगसांग चो यांनी 1991 मध्ये जाडम ही संस्था सुरू केली. पानांची कुजलेली माती, उकडलेला बटाटा, समुद्री मीठ आणि पाणी, एवढ्यावरच भागणारी कृती आज जगभरचे बागायतदार वापरतात ती या वाटेनेच आलेली.

माती कुठली आणि कशी घ्यायची, यावर निम्मं काम अवलंबून आहे. जुनं, निरोगी, दाट सावलीचं झाड निवडा. शक्यतो आपल्याच परिसरातलं, म्हणजे हवामान आणि जमीन सारखी असते. बुंध्यापासून दोन-तीन हात लांब बसून वरची कोरडी पानं हाताने बाजूला सारा. खाली ओलसर, काळपट, एकमेकांना चिकटलेली पानं लागतील. काहींच्या फक्त शिरांची जाळी उरलेली असते. त्याखाली दोन-तीन सेंटीमीटरचा भुसभुशीत थर असतो, चहाच्या पत्तीच्या रंगाचा, आणि त्यातून पांढरे बारीक धागे गेलेले दिसतात. हाच थर हवा. मुठीत दाबला की गोळा होतो, बोटाने टोचला की फुटतो, आणि नाकाशी नेला की पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास ॲक्टिनोमायसीट गटातले जिवाणू तयार करतात त्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. आंबट किंवा कुजट वास आला तर जागा बदला. त्याखालची खरी माती खणायची गरज नाही. दोन-तीन वेगवेगळ्या झाडांखालून थोडं थोडं घेऊन एकत्र करा, आणि वरची पानं होती तशी परत पसरून ठेवा.

काही ठिकाणी हात घालू नका. शेंडे वाळलेली, सालीतून डिंक किंवा काळा स्राव गळणारी, बुंध्याशी अळिंब्यांचे झुबके आलेली झाडं टाळा. बुरशीसारखा फायटोफ्थोरा आणि आर्मिलारियासारख्या मूळकुजव्या बुरशा मातीतूनच प्रवास करतात, आणि एकदा बागेत शिरल्या की निघत नाहीत. रस्त्याकडेची, सांडपाण्याजवळची आणि जनावरं बसतात तिथली माती नको. संरक्षित वनातून मूठभर माती नेणंही बेकायदा असू शकतं, तेव्हा परवानगी असलेल्या जागेतूनच घ्या. दुसऱ्या प्रदेशातून पोतं भरून आणण्याचा मोह तर अजिबात नको; मातीबरोबर तिथले सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत), तणांचं बी आणि गांडुळांची अंडीही येतात. कोरडा पाला उकरताना तोंडाला फडकं बांधा, हातावर जखम असेल तर हातमोजे घाला.

आणलेली माती कडक उन्हात ठेवू नका. कापडी पिशवीत, सावलीत, ओलसर अवस्थेत चार-पाच दिवस चालते. बंद प्लॅस्टिकमध्ये मात्र ती घुसमटते.

पाण्याकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात आणि फेस आला नाही म्हणून मातीला दोष देतात. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेलं असतं. साधं क्लोरीन असेल तर पाणी उघड्या तोंडाच्या भांड्यात एक दिवस ठेवलं की उडून जातं, मध्ये दोनदा ढवळलं तर आणखी लवकर. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर ते असं उडत नाही. त्यासाठी चिमूटभर क जीवनसत्त्वाची पूड किंवा सक्रिय कोळशाची गाळणी वापरावी लागते. साठवलेलं पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. विहिरीचं चालतं, फक्त फार खारट नसावं.

आता कृती, 20 लिटरच्या बादलीसाठी. दोन मध्यम बटाटे मऊ उकडून साल काढून घ्या, साधारण दीडशे ग्रॅम. एका पातळ सुती कापडात घालून पुरचुंडी बांधा. दुसऱ्या कापडात दोन मुठी, म्हणजे शंभरएक ग्रॅम, पानमाती बांधा आणि तिच्यात एक दगड टाका, म्हणजे ती तरंगणार नाही. बादलीवर आडवी काठी ठेवून दोन्ही पुरचुंड्या पाण्यात लोंबत्या सोडा. मग पाण्यातच हात घालून आधी बटाट्याची पुरचुंडी कुस्करा, पाणी दुधाळ होईपर्यंत. नंतर मातीची पुरचुंडी चोळा, पाणी तपकिरी होईपर्यंत. 20 ग्रॅम समुद्री मीठ घालून ढवळा. झाकण सैल ठेवा, हवा जायला वाट हवी, आणि बादली सावलीत ठेवा.

मिठाचं नाव काढलं की शेतकरी दचकतो, आणि ते बरोबरच आहे. लिटरला एक ग्रॅम मीठ म्हणजे द्रावणाची क्षारता (विद्युतवाहकतेवरून मोजतात ती) साधारण 2 डेसीसायमन प्रति मीटरने वाढते. तसंच्या तसं रोज ओतलं तर नाजूक रोपं करपतील. दहापट पाणी घातलं की ती भर 0.2 वर येते आणि काळजीचं कारण उरत नाही. जमीन मुळातच खारवट असेल किंवा कुंडीतली रोपं असतील तर मीठ सरळ वगळा. मिठाशिवायही द्रावण होतं.

आता घड्याळापेक्षा फेसाकडे लक्ष द्या. पहिल्या दिवशी बादलीच्या कडेने बारीक बुडबुड्यांची कडी दिसते. मग ती मधोमध सरकते, घट्ट होते, आणि एका टप्प्यावर पृष्ठभागावर साईसारखा जाड फेसाचा थर उभा राहतो. हाच वापरायचा क्षण. नंतर फेस खाली बसायला लागतो, याचा अर्थ अन्न संपत आलं. हवा 30 अंशांच्या आसपास असेल तर एका दिवसात, 20 ते 25 अंशांना साधारण दोन दिवसांत, त्याहून गारठा असेल तर तीन किंवा अधिक दिवसांत हा टप्पा येतो. म्हणून पावसाआधीच्या उकाड्यात द्रावण आदल्या संध्याकाळी लावावं आणि दुसऱ्या संध्याकाळी तपासावं. वास मातकट, किंचित आंबूस असेल तर ठीक. सडलेल्या अंड्याचा किंवा गटाराचा वास आला तर पिकाला घालू नका, लांबच्या वाळक्या पाल्याच्या ढिगावर ओतून द्या.

काहीजण मत्स्यपेटीचा पंप लावून हवा सोडतात. चालेल. पण गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, 20 अंशांना लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. पंप लहान आणि अन्न जास्त असेल तर हवा पुरत नाही. गूळ किंवा मळी ओतून जिवाणू भराभर वाढवण्याचा मोह होतो तिथेच गोची होते. साखरेवर वेगाने वाढणारे निवडक जिवाणू बादली व्यापतात, आणि मातीत किंवा पाण्यात ई. कोलाय, साल्मोनेला असतील तर त्यांनाही तेच अन्न मिळतं. कंपोस्ट टीवर, म्हणजे कंपोस्ट पाण्यात भिजवून केलेल्या अशाच द्रावणावर, अमेरिकेत 2004 मध्ये सेंद्रिय मानक मंडळाच्या कार्यगटाने अहवाल दिला, त्यात अशा पोषक भरींबद्दल हीच काळजी होती. तिथल्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण घातल्यावर, खाण्याचा भाग मातीला टेकत असेल तर काढणीपर्यंत 120 दिवस, टेकत नसेल तर 90 दिवस जावे लागतात. आपल्या बादलीत शेण घालायचं नाहीच. तरीही कच्च्या खायच्या पालेभाज्यांच्या पानांवर हे द्रावण फवारू नका. ते मातीत जाऊ द्या.

वापर संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करा. उन्हातले अतिनील किरण जिवाणूंना झटपट मारतात. जमीन आधी ओली असावी. अंदाज असा धरा: एक चौरस मीटरला अर्धा लिटर मूळ द्रावण, त्यात दहापट पाणी. म्हणजे 20 लिटरची बादली 40 चौरस मीटरला पुरते. झारीने मुळांशी ओता, किंवा पंपाचं नोझल काढून सोडा. ठिबकमधून द्यायचं असेल तर दोनदा बारीक कापडातून गाळा, बटाट्याचा पिठूळ गाळ तोट्या बुजवतो. पेरणी किंवा पुनर्लागवडीच्या आठ-दहा दिवस आधी एकदा, लागवडीनंतर आठवड्याने एकदा, मग पाऊस उघडेल तसं तीन-चार आठवड्यांनी. कोवळ्या रोपांना वीसपट पाणी घालूनच. ज्या पंपाने ताम्रयुक्त किंवा इतर बुरशीनाशक फवारलं तो नीट धुतल्याशिवाय वापरू नका, आणि तसं औषध मातीत दिलं असेल तर किमान आठवडाभर थांबा. तयार द्रावण साठवून ठेवायचं नसतं, त्याच दिवशी संपवा.

जंगल बादलीत उतरतं असा समज मात्र नको. झाडाखाली पांढरे धागे दिसले त्या बुरशा पाण्यात फारशा वाढत नाहीत. बादलीत बाजी मारतात ते झटपट फुगणारे जिवाणू. मुळांशी नातं जोडणारी मायकोरायझा बुरशी तर जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, म्हणून ती या द्रावणातून मिळेल अशी आशा धरू नका. ती हवी असेल तर जमीन कमी ढवळा आणि वर्षभर कसलं ना कसलं पीक उभं ठेवा. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट यांचा तर या बुरशीशी संबंधच नसतो. मर, करपा, भुरी असे पिकांचे रोग बरे होतात असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मान हलवून पुढे चला. अशा द्रावणांच्या रोगनियंत्रणाचे निष्कर्ष कधी चांगले, कधी शून्य असेच येत आले आहेत. माझ्या मते त्याचा खरा उपयोग तीन ठिकाणी होतो: नव्याने भरलेले वाफे, वाफेने किंवा उन्हाने निर्जंतुक केलेली रोपवाटिकेची माती, आणि ताज्या आच्छादनाचं कुजणं सुरू करून देणं.

आपल्या जमिनीत फरक पडतो का, हे पाहायचं असेल तर एका वाफ्याचे तीन भाग करा. एकाला द्रावण, एकाला फक्त साधं पाणी, आणि तिसऱ्याला तोच बटाटा आणि मीठ, पण माती न घालता केलेलं पाणी. तिसरा भाग लोक विसरतात, आणि त्याच्याशिवाय फरक जंगलाच्या मातीचा की बटाट्याचा हे कळत नाही. एकच वाण, एकाच दिवशी लागवड. दीड महिन्याने प्रत्येक भागातली दोन-तीन रोपं मुळासकट उपटून शेजारी शेजारी ठेवा आणि मुळांना किती माती चिकटून येते ते बघा.

दरवर्षी जंगलात जायचं नसेल तर या हंगामातच पानमातीचा साठा सुरू करा. कोपऱ्यात सावलीला मीटरभर रुंद तारेची जाळी गोल उभी करून तिच्यात गळलेली पानं दाबून भरा, प्रत्येक थरावर पाणी मारा, आणि जंगलातून आणलेल्या मातीतली एक मूठ मधोमध टाका. जाड चिवट पानं असतील तर भरण्याआधी थोडी चिरडून घ्या, नाहीतर ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. ढीग वरून वाळला तर पाणी मारा. मऊ पानांची पानमाती साधारण एका वर्षात होते, चिवट पानांना दोन वर्षं लागतात.